थंडीतली गाडी

डिसेंबर उजाडला की भोसरीतल्या आमच्या वसाहतीत एक प्रश्न हमखास कानी पडतो, "यंदा नाताळला गावी केव्हा निघणार?" पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेकांची मुळे जुन्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात आहेत. कोणाचे गाव संगमनेरकडे, कोणाचे राहात्याला, तर कोणाचे राहुरीच्या बाजूला. एके काळी हा प्रवास एस.टी.ने होई आणि तयारी म्हणजे फराळाचा डबा, शाल अन् पोरांच्या कानटोप्या. आता पुष्कळांच्या दारी मोटारी आल्या. कानटोप्या अजूनही आठवणीने बाहेर निघतात. गाडीलाही थंडी वाजते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी येत नाही.

आपली थंडी ती काय, असे कोणी म्हणेल. लडाखमध्ये साधे डिझेल थिजते, म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल तेथे आणले. आपल्यावर तशी वेळ येत नाही. पुण्याची नोंदलेली सर्वांत कडक थंडी १९३५ च्या जानेवारीतली, १.७ अंश सेल्सियस. तरीही दख्खनचा हिवाळा आपल्या परीने गाडीची परीक्षा घेतोच.

पहिली परीक्षा बॅटरीची. वस्तुतः बॅटरीला जर्जर करतो तो उन्हाळा. थंडी तिचे दुखणे उघडे पाडते. गारठ्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातले तेल दाटल्यामुळे ते फिरवायला जोर अधिक लागतो. तीन-चार वर्षे वापरलेली बॅटरी मग नेमकी पहाटे पाचला, मुले गाडीत बसल्यावर, मान टाकते. आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणूनच नोव्हेंबरात गिऱ्हाइकांना ती तपासून घ्यायला बजावतात. तेलाच्या डब्यावर '५डब्ल्यू-३०' असे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वाहते, हे मला त्यांनीच शिकवले. "पण दादा, पुस्तिकेत सांगितलंय तेच तेल घाला," असे सांगायलाही ते विसरत नाहीत.

दुसरी परीक्षा टायरची. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा अंश, असा वीस अंशांचा फरक सहज पडतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे एक पौंडाने घटतो. म्हणजे दुपारी भरलेली हवा पहाटे तीन-साडेतीन पौंडांनी उतरलेली असते. तेव्हा हवा भरावी ती सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना. आणि स्टेपनीलाही विसरू नये.

तिसरी परीक्षा काचेची. पाच माणसांच्या श्वासाने बंद गाडीची काच आतून धुरकटते. फडक्याने पुसावी तर मिनिटाभरात पुन्हा तेच. अशा वेळी ए.सी. लावावा, कारण तो हवेतला ओलावा शोषून घेतो. "अहो, एवढ्या थंडीत ए.सी.?" हा घरच्या मंडळींचा सवाल दरवर्षी ठरलेला. काच निवळली की तो विरतो. उन्हाळ्यात कडक झालेली वायपरची रबरे मात्र निघण्यापूर्वीच बदललेली बरी.

इथवर सगळे आपल्या हाती आहे. खरी कसोटी पुढे रस्त्यावर आहे. भोसरीहून चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, आळेफाटा असा संगमनेरचा रस्ता भीमा, घोड, मीना, कुकडी या नद्या ओलांडत जातो. नदीकाठी पहाटे धुके साचते. हेच पट्टे उसाचे आणि हाच गाळपाचा हंगाम. ऊस लादलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात. मागे लोंबणाऱ्या वाढ्यांखाली त्यांचे दिवे झाकले जातात; काहींना दिवे नसतातच. दिव्याचा जवळचा झोत पन्नासएक मीटर पोचतो आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. मग विचाराला उरतो किती वेळ? धुक्यात दूरचा झोत लावला तर प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. वेग कमी करणे, एवढा एकच खरा उपाय.

आमच्या वसाहतीतला एक तरुण काही वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या पहाटे अशाच एका उभ्या ट्रॉलीवर आदळला. त्याची गाडी नवी होती, बॅटरी, टायर, दिवे सारे ठाकठीक होते. तो वाचला, पण उजव्या पायाने अधू झाला. ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले होते आणि तिच्या आडोशाला बीडकडचे एक ऊसतोडणी कुटुंब तान्ह्या मुलासह थंडीत कुडकुडत बसले होते. आपण अंधारात कोणाला दिसत नाही, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

वाहनाच्या मागे लाल परावर्तक हवेत, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. नियम कागदावर राहतो, तेव्हा शेजाऱ्याने काय करावे? आमच्या मिस्त्रींनी त्या अपघातानंतर एक पायंडा पाडला. डिसेंबरात गाडी तपासायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते लाल परावर्तक पट्टीची एक गुंडाळी देतात. वाटेत चहाला थांबल्यावर जी ट्रॉली उभी दिसेल तिच्या मागच्या फळीला चालकाला विचारून दोन पट्ट्या चिकटवायच्या. फळीवरची धूळ आधी पुसायची, नाहीतर पट्टी टिकत नाही. चालक बहुधा हसून परवानगी देतात; एखादा स्वतःच फडके घेऊन येतो.

ज्याच्या गाडीला दिवा नाही तोही आपल्याच रस्त्यावर आहे, आणि त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते. यंदा गावी निघताना बॅटरी, हवा, काच यांच्याबरोबर ती लाल गुंडाळीही गाडीत असू द्या.