देवासची मधुमालती

इंदुराहून देवास अवघे ३५-४० किलोमीटर. टेकडीवरील तुळजाभवानी आणि चामुंडा यांच्या दर्शनास तेथे सदैव गर्दी असते. आम्ही मात्र गेल्या श्रावणात गेलो ते एका वेलीसाठी. १७२८ साली तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे राज्य स्थापिले आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. थोरल्या पातीच्या बाजूस आमच्या मावशीचा वाडा. तो विकला गेला होता आणि दिवाळीनंतर पाडला जाणार होता. मावशीचा निरोप आला, “मधुमालती तेवढी घेऊन जा. तिच्यावर कुऱ्हाड पडलेली माझ्याने बघवणार नाही.”

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. दिंडीदरवाजावर वेल लगडली होती. या फुलांचे रंग तीन, पण झाड एकच. संध्याकाळी फूल उमलते ते पांढरे. त्याच्या लांब नळीतील मध रात्री लांब सोंडेचे पतंग पितात. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, पुढे तांबडे. मग मधमाश्या व शिंजीर येतात.

हिच्या नावाचा मात्र घोळ आहे. कोशांत ‘हनीसकल’ला मधुमालती म्हटलेले आढळते, पण ती थंड हवेची निराळी झुडपे व वेली. संस्कृत काव्यातील माधवीही निराळी. आपल्या दारची ही मधुमालती हिरडा आणि अर्जुन यांच्या कुळातली. लिनियसने १७६२ मध्ये हिला ‘क्विस्क्वालिस’ म्हटले; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कसली?’ असा. कारण कोवळेपणी ती झुडपासारखी ताठ उभी राहते आणि काही महिन्यांनी एकाएकी वेल होते.

हे आम्हांस पूर्वी ठाऊक असते तर! बारा वर्षांमागे आम्ही रोपवाटिकेतून एक रोप आणले होते. ते सहा महिने सरळच वाढले. भलतेच झुडूप गळ्यात मारले असे समजून आम्ही ते उपटून टाकले. ही हकीगत ऐकून मावशी हसली. म्हणाली, “अरे, मुलांच्या बाबतीत इतका धीर धरतोस, झाडाच्या बाबतीत का नाही धरलास? आधी तिला आपल्या पायावर उभं राहू द्यायचं. मग ती आपणहून आधार शोधते.”

तिच्याच देखरेखीखाली आम्ही दाब कलम केले. जमिनीलगतची एक फांदी वाकवून, खालच्या अंगाची साल किंचित खरवडून ती कुंडीतील मातीत पुरली आणि वर वीट ठेवली. माती सुकू द्यायची नाही, एवढे पथ्य मावशीने स्वतः पाळले. दसऱ्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा मुळे धरली होती. मूळ वेलीपासून फांदी कापताना कात्री मावशीने आपल्या हाती घेतली.

वेल मोठी चिवट आहे. भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि भक्कम मांडव एवढेच तिचे मागणे. गळलेल्या पानांचे देठ काट्यांसारखे कठीण होऊन राहतात आणि त्यांच्या आधाराने ती चढते. म्हणून तिला कौलांपासून दूर ठेवावे. फुले नव्या फुटीवर येत असल्याने हिवाळा सरता सरता निर्दयपणे छाटणी करावी. मुळाशी उठणारे धुमारे वेळीच काढावेत आणि शेजाऱ्यांस द्यावेत.

वाडा आता राहिला नाही. मावशी मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे सज्जाला ऊन नाही. दर रविवारी तिचा फोन येतो.

“फुलली का?”

“नाही गं, अजून झुडपासारखी ताठच उभी आहे.”

“मग ठीक चाललंय,” ती म्हणते. “मांडव मात्र घालून ठेव.”

मांडव आम्ही घातला आहे.