पडद्यावरची शिवण

माझी नात फॅशन डिझाइन शिकते. परवा तिच्या संगणकावर 'क्लो' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये अस्तराचा कोट शिवणं चाललं होतं. सुई नाही, दोरा नाही! एका तुकड्याची कड निवडायची, मग दुसऱ्याची. दोन्हींमध्ये रंगीत रेघा उमटतात. कळ दाबली की तुकडे एकमेकांकडे ओढले जाऊन पडद्यावरच्या पुतळ्याच्या अंगावर बसतात. वरच्या कापडाला थराचा मोठा आकडा द्यायचा, नाहीतर अस्तर त्यातून बाहेर डोकावतं.

बाही मात्र दोरखंडासारखी पिळत होती. "आजी, माझं कटिंगच चुकलंय," ती रडवेली झाली. मी चष्मा पुसून पाहिलं. रेघांची फुली झाली होती. म्हटलं, "अगं, टोकं उलटसुलट जोडलीस!" तिनं एका शिवणीची दिशा फिरवली, बाही सरळ.

1966 साली आईच्या नव्या पोलक्याची बाही मी अशीच उलटी लावली होती. उसवताना कापड फाटलं. आई काहीच बोलली नाही, तेच अजून लागतं.

आता हात थरथरतो, सुईत दोरा ओवता येत नाही. नातीनं माऊस माझ्या हाती दिला. "दुसरी बाही तू जोड."

जोडली. पहिल्यांदा उलटीच!