पेढे, बर्फी आणि जनगणना



स्वाध्याय संपला की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो, 'आजकालची पिढी'. साठीच्या पुढच्या म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. सुना-लेकी म्हणतात, जुनी माणसं बदलत नाहीत, ती गेली की विचारही जातील. बोलणं वेगवेगळं वाटतं, पण दोघींच्याही मनात एकच गोष्ट पक्की असते: माणसाचे विचार त्याच्या जन्मसालाबरोबर येतात आणि त्याच्याबरोबरच जातात.

मला हे कधी पटलं नाही. मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिते आहे. एखादी गोष्ट मान्य करण्याआधी जमा आणि खर्च असे दोन्ही रकाने बघायची सवय लागली आहे. म्हणून आज एकच विषय घेते: मुलीचा जन्म. यावर आकडे भरपूर आहेत, आणि हा विषय आपल्या समाजाच्या फार जवळचा आहे.

आमच्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडेही, मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी. मिठाईचा डबा उघडला की विचारायची गरज नसायची. 'पहिली बेटी, धनाची पेटी' ही म्हण माझी आज्जी सारखी म्हणायची. दुसऱ्या बेटीसाठी मात्र कोणी म्हण केलेली नाही, हे मला माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा लक्षात आलं.

आता पहिला रकाना बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारतात, तुम्हाला किती मुलगे आणि किती मुली हव्यात? १९९८-९९ मध्ये शंभरातल्या ३३ जणींना मुलींपेक्षा मुलगे जास्त हवे होते. २०१९-२१ मध्ये असं म्हणणाऱ्या १५ उरल्या. वीस-बावीस वर्षांत निम्म्याहून कमी. कोणालाही आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे.

आता दुसरा रकाना, जनगणनेचा. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली किती? देशात १९६१ मध्ये ९७६, १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७. आपल्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. म्हणजे मुलग्यांचा हट्ट कमी होत होता त्याच काळात मुलीही कमी होत होत्या.

हे कसं, असा प्रश्न मलाही पडला. मग शाळेतलं गणित आठवलं. आज्जीच्या काळात घरात पाच-सहा मुलं असायची. पाच मुलांत एकही मुलगा नसण्याची शक्यता बत्तिसात एक. मुलगा आपोआप व्हायचा, निवड करायची वेळच यायची नाही. आमच्या पिढीने दोनवर थांबायचं ठरवलं. दोन मुलांत एकही मुलगा नसण्याची शक्यता चारात एक. म्हणजे मुलग्याची ओढ आज्जीपेक्षा कमी असली, तरी 'मुलगा नाही' अशी घरं कितीतरी वाढणार. नेमकं त्याच सुमाराला पोटातलं बाळ दाखवणारं यंत्र आलं. आधी लहान कुटुंब, मग यंत्र. या दोन्हींच्या मध्ये एक दार होतं, आणि त्या दारातून अशिक्षित बाई कमी गेली. फीचे पैसे, शहरातला डॉक्टर आणि माहिती शिकलेल्या घरांकडेच होती.

आता आपल्या समाजाचं बघू. २००१ च्या जनगणनेचा धर्मवार अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात साक्षरतेत जैन पहिले, ९४.१ टक्के. जैन बायकांची साक्षरता ९०.६ टक्के. आपण सगळ्यांनी अभिमानाने एकमेकींना सांगितलेला हा आकडा. त्याच अहवालात दुसराही एक आकडा आहे, तो कोणी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे जैन मुली ८७०. आपल्या खाली फक्त शीख समाज, ७८६.

मैत्रिणींनो, आपण पाणी गाळून पितो. सूर्यास्तानंतर जेवत नाही. बटाट्यातल्या जिवांचा विचार करून कंदमूळ सोडतो. पावसाळ्यात पालेभाजीत आळी असेल म्हणून ती भाजीच आणत नाही. एकेंद्रिय जिवाचा एवढा विचार करणाऱ्या घरांत पंचेंद्रिय जीव हिशोबातून कसा सुटला? ८७० मधल्या प्रत्येक घराचं मला माहीत नाही, आणि कोणाकडे बोट दाखवायचा मला अधिकारही नाही. पण तो आकडा आज्जीच्या पिढीचा नाही, हे नक्की. २००१ मध्ये सहा वर्षांच्या आत असलेल्या मुलांच्या आया म्हणजे आमच्या पाठच्या बहिणी आणि जावा. पदवीधर, इंग्रजी पेपर वाचणाऱ्या, नियमाने देवदर्शनाला जाणाऱ्या.

माझी दुसरी मुलगी १९८९ ची. तिसऱ्या वेळी 'बघून घ्या' असं सांगणाऱ्या बायका अडाणी नव्हत्या. त्यांच्यातली एक शिक्षिका होती. आम्हाला दोन मुली पुरेशा होत्या आणि तिसरं मूल नकोच होतं, म्हणून तो विषय तिथेच संपला.

मग बदल आपोआप होतो का? नाही. कोणीतरी तो करावा लागतो. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, साल १९८८. त्यामागे मुंबईतल्या बायकांच्या संघटनांची मेहनत होती. देशाचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये कडक झाला. २००१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात हजारामागे ८३९ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या. ऊस आणि साखर कारखान्यांचे हे संपन्न जिल्हे, आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर. पुढे कोल्हापुरात जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं नोंद ठेवणारं उपकरण बसवलं. २०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर आलं, सांगली ८६७ वर. तिकडे बीड मात्र ८०७ पर्यंत घसरलं. त्याच वर्षी शेजारच्या साताऱ्यात 'नकोशी' नाव ठेवलेल्या २८० हून जास्त मुली शोधून जिल्हा परिषदेने एका कार्यक्रमात त्यांना नवीन नावं दिली. आणि २०११ मध्ये जैन मुली ८७० वरून ८८९ झाल्या. सुधारणा आहे, पण समाधान मानावं इतकी नाही.

जुनी माणसं बदलत नाहीत, हेही खरं नाही. माझ्या सासूबाईंनी १९८९ मध्ये बर्फीसुद्धा वाटू दिली नव्हती. साखर वाटा, पुरे, म्हणाल्या. त्याच सासूबाईंनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या चार पाटल्या दोन्ही नातींना दोन-दोन वाटून दिल्या. जावेचा मुलगा समोर बसलेला होता. "त्याला घर आहे, यांना माझं काहीतरी असू दे," एवढंच बोलल्या. मधल्या काळात त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं की व्याख्यान ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर थेंब घालायला थोरली नात होती, तेवढंच.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपण नेरूळकर कशा विसरू? इथल्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. पुढच्या खुर्च्यांवर सत्तरी-पंच्याहत्तरीच्या बायका होत्या, आणि सगळ्यांत जास्त आवाज त्यांचाच. सांगलीची स्मृती मानधना म्हणजे जणू आमच्या गल्लीतली, अशा थाटात मी पण ओरडत होते. १९७६ मध्ये भारताच्या मुलींनी पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा मी शाळेत होते, पण कोणी त्याची बातमी वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही. त्या रात्री आजी, आई आणि नात एकाच वेळी बदललेल्या दिसल्या. जन्मसाल आड आलं नाही.

पण टाळ्या वाजवायला खर्च येत नाही. खर्च येतो तिथे काय होतं, ते बघायला हवं. आज तो प्रश्न सोनोग्राफीच्या खोलीत कमी आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जास्त येतो, असं मला वाटतं.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलं, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये सगळ्या देशात सगळ्या मुलींना तो मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरलेल्या शंका दूर केल्या. हा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. कायदा स्पष्ट आहे. आणि तरी घरोघरी हक्कसोडपत्रं होतातच.

अण्णा गेल्यावर माझ्या माहेरीही झालं. मी सही केली आणि खुशीने केली. दादा-वहिनींनी आईला अकरा वर्षं सांभाळलं, शेत दादाच कसतो, आणि दिवाळीला आजही मला साडी येते. पण माझ्या धाकटीने विचारलं, "आई, मामाने तुला विचारलं होतं, की सही कुठे करायची ते फक्त दाखवलं?"

मी आठवून बघितलं. कागद तयार होऊन आला होता. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या.

"मग तू दिलंस असं कसं म्हणतेस?" ती म्हणाली. "द्यायला आधी ते तुझं आहे असं कोणी म्हणायला नको का?"

मी तिच्याशी वाद घातला. माहेर तुटलं तर ते शेत घेऊन काय करायचं, म्हणाले. आजही माझं ते मत आहे. पण तिचा प्रश्न जमिनीचा नव्हता, हे मला कळतं. मला भावाने सांभाळून घेतलं, यात मला सगळं मिळालं. तिला आधी विचारलं जाणं हवं आहे. पिढीतला फरक मला इथे दिसतो, कपड्यांत किंवा मोबाइलमध्ये नाही.

याला दुसरी बाजूही आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत मुलगे परदेशी किंवा बेंगळुरूला आहेत, आणि रात्री अकरा वाजता दवाखान्यात न्यायला वाशी-पनवेलहून लेक धावत येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवर टाकली आहे. जबाबदारी तिने घेतली आहे. हक्काचा रकाना मात्र आपण पेन्सिलीने भरतो आहोत.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. प्रगणक आपल्या दाराशी येईल, माणसं मोजेल, वयं लिहून घेईल आणि जाईल. आपल्या समाजाचा आकडा ८८९ च्या पुढे किती गेला ते मग कळेल. घराच्या कागदावर कोणाचं नाव आहे, हे तो विचारणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल.

आम्ही दोघांनी या दिवाळीनंतर मृत्युपत्र केलं. दोन्ही मुलींना आधी समोर बसवून विचारलं, कोणाला काय हवं, काय नको. थोरली म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. धाकटीने दोन तास चर्चा केली. ह्यांचा चहा तीनदा झाला. पण कागदावर काय लिहिलं आहे ते आज चौघांनाही माहीत आहे. तुम्हीही जमेल तेव्हा करा. आणि नातीचे पेढे आणाल तेव्हा मलाही पाठवा, पेढेच.