तान्ह्या बाळाचा जलविहार

गुलमंडीच्या आसपास राहणाऱ्यांना पाण्याचें मोल निराळें सांगावयास नको. सतराव्या शतकांत मलिक अंबरानें या शहरासाठीं नहर बांधविली, डोंगराकडचें पाणी नळांतून शहरांत खेळलें. तरीहि आमच्या पिढीची ओळख साठविलेल्या पाण्याशींच अधिक. अशा गांवीं माहेरीं आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनें आपल्या सात महिन्यांच्या मुलीस तरणतलावांत नेण्याचें मनांत आणिलें, तेव्हां घरांत वादच माजला.

मातोश्री म्हणाल्या, "पोर दचकेल, सर्दी होईल." परंतु नातीला पायांवर पालथें घालून रोज न्हाऊ घालणाऱ्या त्याच! घंगाळांतील पाण्याला त्या आधीं कोपर लावून पाहतात. म्हणजे या विद्येचा पहिला धडा त्यांना ठाऊकच होता. तान्ह्या मुलांसाठीं तलावाचें पाणी सुमारें 32 अंश सेल्सिअस तरी ऊबदार असावें. मोठ्यांस सुखाचें वाटणारें गार पाणी त्या चिमुकल्या देहांतील ऊब झपाट्यानें हरण करितें. पहिल्या खेपेस दहा मिनिटें पुरेत. अंग थरथरूं लागलें, कीं तत्काळ बाहेर काढून कोरडें करावें. ताप असेल किंवा पोट बिघडलें असेल, तर मुळींच नेऊं नये.

तोंडावर पाणी येतांच बाळ क्षणभर श्वास रोखतें. यास कित्येकजण पोहण्याचें उपजत ज्ञान समजतात. तें तसें नव्हे. मुद्दाम बुडवून पाहिल्यास बाळ पाणी मात्र गिळतें. एक वर्षाखालील मुलांस पोहण्याचे धडे दिल्यानें बुडण्याचें भय कमी होतें असा पुरावा नाहीं, असें अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें 2019 सालीं सांगितलें आहे. तेव्हां हा केवळ आईबापांच्या कुशींतला खेळ. दंडाला हवेचे फुगे बांधले, तरी मोठ्या माणसाचा हात सुटूं नये.

खरें भय मला घरांतच दिसलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें 2021 सालीं जगांत सुमारें 3 लक्ष माणसें बुडून मृत्यु पावलीं. त्यांत जवळजवळ चतुर्थांश पांच वर्षांखालील बालकें. रांगतें मूल बादलींत डोकावून तोल गेला, तर जड डोक्यामुळें तें पुन्हां वर येऊं शकत नाहीं, आणि ओरडण्याचा आवाजहि होत नाहीं. आमच्या न्हाणींत तर पिंप, हौद, बादल्या सदा भरलेल्या, आणि दार सताड उघडें! तलावावर नेण्यापूर्वीं मीं सुतारास बोलावून त्या दारास उंचावर कडी बसविली व हौदास झांकण करविलें.

मातोश्री आतां तलावाच्या कांठीं टॉवेल घेऊन बसतात, आणि दहा मिनिटें व्हावयाच्या आंतच हांक मारितात.