मामाची गिटार आणि सात मिलिमीटर

(तृतीय वर्ष, यांत्रिकी)

"नेतोस तर ने. पण माझ्यासमोर वाजवायची नाही."

एवढं बोलून मामाने पेपर तोंडासमोर धरला. मामीने मला डोळ्यांनीच खूण केली – आता आणखी काही विचारू नकोस.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मामीला माळा साफ करायचा होता आणि मला फराळाचं आगाऊ बुकिंग. म्हणून कर्जतहून खोपोली लोकल पकडून गेलो होतो. जुने डबे, पाटे, फुटकी समई असं एकेक खाली घेताना रेक्झिनच्या फाटक्या खोळीत गुंडाळलेली लांबडी वस्तू हाताला लागली. खोळ सोडली आणि मी स्टुलावरून पडता पडता वाचलो. इलेक्ट्रिक गिटार! लाल रंग पिवळट झालेला, तारा गंजून तपकिरी, खुंट्यांवर बुरशी. डोक्यावरचं नाव घासून गेलेलं. मामाने 80 च्या दशकात ती कलकत्त्याहून मागवली होती. तेव्हा परदेशी गिटार आपल्यासारख्यांनी फक्त कॅसेटच्या कव्हरवर बघायची.

मामा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा हे मी आईकडून ऐकलं होतं. गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री, चौकपासून नेरळपर्यंत. दिवसा कारखाना आणि रात्री ऑर्केस्ट्रा. 1994 साली त्याच कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं गेली, दुसऱ्या पेरापासून. डाव्या हाताची! ज्याने गिटारच्या तारा दाबतात तोच हात. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणून मला मामा कायम तसाच आठवतो, चहाचा कप अंगठा आणि अनामिकेत धरलेला. गिटारवाला मामा मी कधी पाहिलाच नाही.

खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या डोक्यात मामाचा विचार फारसा नव्हता. माझ्या डोक्यात फेब्रुवारीतलं गॅदरिंग होतं. नवी गिटार घ्यायला पैसे नाहीत, एम-थ्री ची के.टी. बाकी असल्यामुळे घरी मागायची सोय नाही. फुकट गिटार मिळतेय म्हटल्यावर मी ती खोळीसकट उचलली आणि पुढची लोकल पकडली.

हॉस्टेलवर पोचल्यावर सगळे स्क्रू काढले. एक्सटीसीचा मित्र मल्टिमीटर घेऊन आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – इलेक्ट्रिक गिटारमध्ये माइक नसतो, पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. म्हणजे बारावीतला फॅरेडेच. बारावीत मला तो कधी कळला नव्हता, ही गोष्ट वेगळी. चांगल्या पिकअपचा रोध पाच ते आठ किलोओहम येतो. आमच्या मीटरवर दोन्ही पिकअपना नुसता '1' आला. म्हणजे ओपन. म्हणजे दोन्ही मेलेले.

इथे आमच्या दहिवलीतला बँजोवाला दादा मदतीला आला. बँजो म्हणजे इंग्रजी सिनेमातला गोल बँजो नव्हे हं, आपल्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. मूळ जपानचा; 1912 मध्ये नागोयात मोरिता गोरो नावाच्या माणसाने तो बनवला, तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपण त्याला पिकअप लावला, भोंगे जोडले आणि गणपतीपुढे आणला. दादाचं म्हणणं, पिकअप सगळे सारखेच, गिटारचा काय आणि बँजोचा काय. त्याने पहिल्या पिकअपवरची चिकटपट्टी ब्लेडने अलगद सोडवली, भिंग लावलं आणि हसला. तार आत तुटलेली नव्हती. बाहेर जिथे जोडली होती तिथेच गंजून सुटली होती. त्याने एक वेढा उलगडला, टोकावरचं इनॅमल खरवडलं, सोल्डरचा एक ठिपका दिला. मीटर – 5.8 किलोओहम! आम्ही तिघंही ओरडलो.

दुसऱ्या पिकअपची तार मात्र आत कुठेतरी तुटलेली. तो मी स्वतः गुंडाळायचं ठरवलं आणि तोंडावर पडलो. नेटवर लिहिलं होतं '42 गेज'. मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन 42 नंबर मागितली, त्याने 42 नंबर दिली. त्याची काहीच चूक नाही. ड्रिल मशीनला बॉबिन लावला, वेढे मोजायला जुन्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच जोडला – चुंबक समोरून गेला की आकडा एकने वाढतो. जुगाड झकास चालला. पण साडेसात हजार वेढे हवे असताना तीन हजारांतच बॉबिन भरून वाहायला लागला, आणि मीटरवर जेमतेम आठशे ओहम. दोन रात्री डोकं खाजवलं. मग टेबल उघडलं तेव्हा कळलं. नेटवरचं 42 अमेरिकन गेज, म्हणजे 0.063 मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात चालतं ते ब्रिटिश एसडब्ल्यूजी, त्यातलं 42 म्हणजे 0.1 मिलिमीटर. मला हवा होता 46 नंबर! पहिल्या वर्षापासून सर ओरडतायत, आकड्याच्या पुढे एकक लिहा म्हणून. असो. तो पिकअप तसाच ठेवला.

एका पिकअपवर काम चालणार होतं. पॉटची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली नाही, मग लॅमिंग्टन रोडवरून नवे दोन आणले. गुणगुण मात्र भयंकर, 50 हर्ट्झची. मित्र म्हणाला, तारांना हात लाव. हात लावूनही गुणगुण तेवढीच. म्हणजे ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर तुटलेली. ब्रिज काढला तर खाली वायरचं नुसतं हिरवं पीठ झालेलं. नवी वायर टाकली, आतल्या खाचेत स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून स्क्रूने अर्थला जोडला (ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही), आणि आता तारांना बोट लावलं की गुणगुण दबायला लागली. ज्या गावातून 1915 पासून मुंबईला वीज जातेय त्या गावातली गिटार, तिने पन्नास हर्ट्झ एवढा मनावर घ्यायला नको होता!

दादाने ॲम्प्लिफायरला गिटार लावू देण्याआधी माझ्याकडून एक गोष्ट करून घेतली. प्लगची मोठी पिन शाबूत आहे का ते बघायला लावलं. तारा ब्रिजला, ब्रिज अर्थला आणि अर्थ ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला. पत्र्यात करंट उतरला तर तो थेट वाजवणाऱ्याच्या हातात. मांडवात वायरिंग कोण कसं करतं ते त्याने वीस वर्षं बघितलंय.

आता नव्या तारा. आणि इथे सगळं अडलं.

सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण साधारण 45 किलो होतो. एक छोटा माणूस गिटारच्या मानेला कायम लटकलाय असं समजा. मान वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते, टोकाचा नट आवळला की ती मान मागे खेचते. आमच्या गिटारच्या नटचे आटेच गेलेले. किती पावसाळे ती माळ्यावर होती कोण जाणे, मान धनुष्यासारखी पुढे वाकली होती. बाराव्या फ्रेटवर तार दोन मिलिमीटर उंच हवी, ती होती सात. सात मिलिमीटर खाली दाबायची म्हणजे बोटाला चिरा पडतातच, शिवाय दाबताना तार ताणली जाते, ताण वाढतो आणि सूर चढतो. वाजवावा 'सा' आणि यावा त्याच्या वरचा कुणीतरी.

वर्कशॉपमध्ये दोन जी-क्लॅम्प लावून मान आठ दिवस उलटी ताणून ठेवली. (लॅब असिस्टंट काकांनी जॉबच्या नावाखाली चालवून घेतलं, त्यांचे आभार.) सरळ झाली! तारा चढवल्या, दोन दिवस नाचलो. तिसऱ्या दिवशी मोजलं, सहा मिलिमीटर. पाचव्या दिवशी सात.

दादाकडे तोंड पाडून गेलो. त्याने मान डोळ्यासमोर धरली आणि सहज म्हणाला, "आता ही हवाईयनच. आडवी ठेव आणि लोखंड फिरव."

मला रागच आला. एवढी मेहनत, आणि हा थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. त्याने मोबाईलवर व्हॅन शिपले लावले, मग कलकत्त्याचे सुनील गांगुली. जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना, आवाज माणसाच्या गळ्यासारखा घसरत जाणारा. हवाईयन पद्धतीत गिटार मांडीवर आडवी असते, तारा मुद्दाम उंच केलेल्या, आणि डाव्या हातातला पोलादी दांडा त्यांच्यावरून नुसता सरकवायचा. दाबायचं काहीच नाही. फ्रेट म्हणजे फक्त आखलेल्या रेघा. मग मान वाकली काय आणि सरळ काय! नंतर वाचलं तेव्हा कळलं, बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, 1932 ची रिकनबॅकर, हीसुद्धा मांडीवरचीच होती. तळणीच्या तव्यासारखी दिसायची म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं.

दुसऱ्या दिवशी खोपोलीला चाललो होतो, आईने दिलेलं लोणचं पोचवायला. पळसदरी गेलं, केळवली गेलं. डोलवलीला गाडी थांबली असताना समोरच्या बाकावरच्या आजोबांनी तंबाखू मळायला घेतली आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. अंगठा, अनामिका. दाबायचं काहीच नाही...

त्या दिवशी मामाला काही बोललो नाही. लोणचं दिलं आणि परत आलो.

पुढचा आठवडा लेथवर. स्टेनलेसचा तुकडा, 19 मिलिमीटर व्यास, 75 लांब, एक टोक गोल केलेलं, मग एमरी पेपर 400, 800, 1200. वजन भरलं 168 ग्रॅम. सबमिशनच्या जॉबला मी एवढं फिनिशिंग कधी दिलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या अँगलला सहा खाचा पाडून तो नटवर बसवला, तारा उचलल्या. सहापैकी चार तारा उतरवून ओपन डी लावला: डी-ए-डी-एफशार्प-ए-डी.

हे सगळं करताना एक गोष्ट मनात खुपत होती, ती लिहितो. अशी केल्यावर गिटार माझ्या कामाची उरणार नव्हती. गॅदरिंगला मला जे वाजवायचं होतं ते मांडीवर वाजत नाही. दुसरीकडे कुठे मान बदलून मिळते का, याची चौकशी मी गुपचूप करून आलो होतो. मिळत होती, साडेतीन हजारात. तेवढे पैसे असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दादाचा छोटा ॲम्प्लिफायर पाठीवर टाकून खोपोली गाठली. मामा म्हणाला, "मी सांगितलं होतं ना तुला?"

"मी वाजवणार नाहीये, मामा. मला येतच नाही अशी."

गिटार त्याच्या मांडीवर आडवी ठेवली आणि दांडा हातात दिला. तो बराच वेळ दांडाच निरखत बसला. कारखान्यातला माणूस, टोकाच्या गोलाईवरून अंगठा फिरवून म्हणाला, "इथे टूल थरथरलंय." बरोबर होतं, थरथरलं होतं. मग अंगठा आणि अनामिकेत त्याने दांडा धरला आणि उरलेली दोन पेरं आपोआप वर जाऊन बसली, वरून दाब द्यायला. हे मी ठरवलेलं नव्हतं.

पहिला सूर बेसूर होता. दुसराही. रेघेच्या बरोबर वर दांडा यावा लागतो, जरा मागे पुढे झाला की संपलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी, आणि तिचे हात पुसणं काही संपेना. अर्ध्या तासाने एक ओळ लागली. कोणतं गाणं ते मला ओळखू आलं नाही. मामीला आलं. ती आत निघून गेली.

गॅदरिंगला मी मित्राची गिटार मागून आणली. आम्ही दोन गाणी वाजवली, दुसऱ्यात मी मधेच चुकलो, ज्यांनी ऐकलं त्यांनी कृपया विसरावं.

गिटार खोपोलीलाच आहे. परवा मामाचा फोन आला होता, सेमिस्टरचं काहीएक न विचारता थेट सुरुवात. पावसाळी हवेत हाताला घाम येऊन दांडा निसटतो, त्याला मधे बारीक खोबण पाडून देशील का? आणि दुसरा पिकअप केव्हा गुंडाळतोस?

46 नंबरची तार आणून ठेवली आहे.