काळा दात, पांढरा डाग

आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा फिरलेला फॉरवर्ड राजकारणाचा नाही आणि क्रिकेटचाही नाही. तो दातांचा आहे. ‘जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं दात पुन्हा उगवणारं औषध! २०३० पासून कवळीला रामराम!’ काकाने टाकला, आत्याने टाकला, सुरतच्या मावसभावाने हिंदीतून टाकला. आणि प्रत्येक वेळी बाबांनी त्याला अंगठा दिला.

बाबा ६३ वर्षांचे आहेत. खालच्या उजवीकडच्या तीन दाढा नाहीत, डावीकडची एक नाही. डहाणूच्या आगरात आमचं घर, मागे चिकूची छोटी वाडी. आयुष्यभर तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील खाल्लेला हा माणूस दोन वर्षांपासून भाकरी कालवणात बुडवून, मऊ झाली की गिळतो. बोंबील बंदच. कवळी बसवा म्हटलं की उत्तर तयार: “औषध येतंय ना २०३० ला? मग आता कशाला पैसे घालवायचे?”

मी मुंबईत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी विरारहून डहाणू लोकल पकडते. घरी पोचले की इंटरनेटवरचं काही खरं की खोटं हे सांगणं माझ्याकडे असतं. तेव्हा या औषधाचं नीट वाचून काढलं.

बातमी खोटी नाही. आपल्या शरीरात यूसॅग-१ नावाचं एक प्रथिन असतं. दात वाढवणारे जे रासायनिक संदेश असतात, त्यांना ते लगाम घालतं. ओसाकाच्या किटानो हॉस्पिटलमधले कात्सू ताकाहाशी आणि क्योतो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड वापरून उंदरांमध्ये नवा दात आणून दाखवला. तो शोधनिबंध २०२१ चा. माणसातही दुधाचे आणि कायमचे दात झाल्यावर तिसऱ्या संचाचे कोंब सुप्त अवस्थेत राहत असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिलेला आहे, कुणीतरी तो कमेंट करून ठेवलाय.

माणसांवरची पहिली चाचणी २०२४ च्या शरद ऋतूत क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. ३० पुरुष, वय ३० ते ६४, निदान एक दात नसलेले. इथपर्यंत वाचून बाबा खूश झाले, कारण ते वयात बसतात. पण पहिल्या टप्प्याचा प्रश्न एवढाच असतो की औषध दिल्यावर माणसाला अपाय होतो का. पुढचा टप्पा जन्मतःच अनेक दात नसलेल्या लहान मुलांसाठी ठरलाय, कारण गरज त्यांना सगळ्यात जास्त. २०३० हे त्या चमूने समोर ठेवलेलं उद्दिष्ट आहे, दुकानात औषध मिळण्याची तारीख नव्हे. आणि ज्यांच्या दाढा किडून, हलून पडल्या अशांचा नंबर त्यानंतर, तोही सगळं सुरळीत गेलं तर.

“म्हणजे माझा नंबर सत्तरीत,” बाबा म्हणाले.

“लागला तर,” मी म्हणाले.

“मग तोपर्यंत बोंबील?”

त्यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं.

दुधाचेच तर दात

त्याच सुमारास तलासरीहून ताईचा फोन आला. भाची पाच वर्षांची. समोरच्या दोन आणि मागच्या तीन दुधाच्या दातांना कीड. रात्री रडत उठते. सासूबाईंचं म्हणणं, दुधाचेच तर दात, पडणारच आहेत.

पडणार खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या आधीच गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा खातात. शिवाय मधली पाच-सहा वर्षं त्या मुलीने जेवायचं कशाने?

‘कीड’ हा आपला शब्द थोडा फसवा आहे. दातात किडा नसतो. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दाताभोवतीचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की वरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती खनिजं परत भरते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. म्हणून एकदम पेढे खाण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं गोड चघळणं जास्त वाईट. चहात बुडवलेलं बिस्किट, झोपताना दुधाची बाटली, दुकानातून येताना पाच रुपयांचं काहीतरी. ताईच्या घरातला हा रोजचा क्रम होता, आणि तो बहुतेक घरांतला आहे. कवच एकदा गेलं की परत येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात.

एका डॉक्टरांनी सांगितलं, मूल सहकार्य करत नाही, मुंबईला न्या, भूल देऊन सगळे दात एकदम करून घ्या. सल्ला चुकीचा नव्हता. पण ताईच्या नवऱ्याची कारखान्यातली शिफ्ट, प्रवास, दोन-तीन खेपा आणि खर्च हे सगळं धरून त्या घराने ‘बघू’ म्हटलं. बघूमध्ये दोन महिने गेले.

मग डहाणूतल्या एका दंतवैद्य बाईंनी तिसरा मार्ग सांगितला. एक पारदर्शक थेंब. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने तो थेंब किडलेल्या जागी लावायचा, मिनिटभर थांबायचं. भूल नाही, सुई नाही, ड्रिल नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेला भाग कठीण करतं आणि कीड तिथेच थांबते. सगळ्या दातांत थांबत नाही. अभ्यासांचा गोषवारा पाहिला तर दुधाच्या दहा किडक्या दातांपैकी साधारण आठांत थांबते. सहा महिन्यांनी पुन्हा लावलं तर परिणाम जास्त टिकतो.

हे औषध नवं नाही. जपानमध्ये १९७० पासून वापरात आहे. अमेरिकेने २०१४ मध्ये दातांच्या अतिसंवेदनशीलतेसाठी परवानगी दिली आणि मग जगाचं लक्ष गेलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलं. त्याच वेळी फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही यादीत आलं. हे सिमेंट दाताला स्वतःहून चिकटतं, त्यामुळे ड्रिलशिवाय, नुसत्या हाताच्या हत्याराने कीड खरवडून त्यावर भरता येतं. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी उभी राहिली. गंमत अशी की कोविडमध्ये ड्रिलच्या फवाऱ्याची भीती वाटायला लागली, तेव्हा श्रीमंत देशांतले डॉक्टरही तिच्याकडे वळले.

एक अडचण मात्र आहे. थेंब लावलेला किडका भाग कायमचा काळा होतो. कोळशासारखा काळा.

बाईंनी फोटो दाखवून, सही घेऊन मगच लावलं. भाची तीन मिनिटांत खुर्चीवरून उतरली आणि त्या आठवड्यात रात्रभर झोपली. पण पुढच्या लग्नात नातेवाइकांनी विचारलंच. “मुलीचे दात काळे करून घेतलेत?” मुलाचे असते तर इतकं विचारलं असतं का, हे मी विचारणार होते. आजीने मला गप्प केलं.

आजी ७८ वर्षांची. ती सासूबाईंना म्हणाली, “विहीणबाई, माझ्या आजीचे दात काळेभोर होते. दातवण लावायची. सवाष्णीचे दात काळेच हवेत असं म्हणायचे तेव्हा. पांढरे दात कुत्र्याचे, म्हणायची ती.”

विषय तिथे संपला. मी नंतर शोधलं, तर महाराष्ट्रातल्या दातवणासारखीच चाल जपानमध्येही होती. ओहागुरो म्हणतात तिला. लग्न झालेल्या बायका दात काळे करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या सरकारने उच्चकुलीनांना ती बंद करायला लावली. म्हणजे काळा दात कुरूप, हे ठरून फार दिवस झालेले नाहीत.

टॉर्च आणि आरसा

आजी दातवण लावत नाही. ती मशेरी लावते. तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी पूड. सकाळी, दुपारी, रात्री. दात घासायला म्हणून सुरू झालेली, आता त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. आमच्या गल्लीतल्या बहुतेक म्हाताऱ्या बायकांचं हेच आहे.

दंतसंशोधनाचा विषय निघाला की आपण क्योतो-लंडनकडे बघतो. पण जगातल्या मोठ्या कामांपैकी एक आपल्याकडे झालंय आणि ते कुठे झालं हे कळल्यावर मला मजा वाटली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये. अणू आणि गणिताच्या त्या संस्थेत एक दंतसंशोधन विभाग होता. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. १९६० च्या दशकात त्यांच्या चमूने घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. १९७२ मध्ये त्यांचा जो निबंध आला त्याच्या शीर्षकातच आकडा आहे: महाराष्ट्रातले १,०१,७६१ गावकरी. हे गावकरी पुणे जिल्ह्यातले होते. तेव्हा संगणकावर नोंदी ठेवणं हीच केवढी गोष्ट. पुढे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लोकांकडे ते परत परत गेले आणि त्यातून स्पष्ट झालं, की तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा अचानक येत नाही. आधी गालात पांढरा चट्टा, लाल चट्टा किंवा ताठरपणा दिसतो, आणि जवळजवळ नेहमी तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांतच. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी दाखवलं, की सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सांगत राहिलं तर अनेक जण सोडतात आणि असे चट्टे कमी होतात.

या सगळ्याला लागणारी उपकरणं: उजेड, आरसा, आणि दार वाजवणारा माणूस.

माझ्या धंद्यातही दातांवर बरंच चाललंय. १९८५ मध्येच झुरिकमध्ये दंतवैद्य मोर्मन आणि इंजिनिअर ब्रांदेस्तिनी यांनी तोंडात कॅमेरा घालून त्याच बैठकीत सिरॅमिकचं फिलिंग कापून देणारी यंत्रणा उभी केली होती. आज एक्स-रेवर कीड दाखवणाऱ्या एआयला अमेरिकेत परवानग्या मिळाल्या आहेत. हे काम मला मनापासून आवडतं, उद्या नोकरी मिळाली तर करेन. फक्त एआयला एक्स-रे लागतो, एक्स-रेला मशीन, आणि मशीनपाशी माणूस यावा लागतो. आजीसारखी माणसं दुखल्याशिवाय येत नाहीत. आणि पांढरा चट्टा दुखत नाही.

आजी आली ती बाबांमुळे. बाबा अखेर कवळीच्या मापाला तयार झाले. इम्प्लांटचा आकडा ऐकून “एवढ्यात वाडीला दोन वर्षांचं खत येईल” म्हणाले आणि काढता येणारी साधी कवळी ठरली. तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेतलं, स्कॅनर नव्हता. आजी सोबत म्हणून रिक्षात बसली होती. बाईंनी तिलाही सहज म्हटलं, आजी, आ करा बघू. डाव्या गालात, जिथे ती मशेरीची चिमूट धरते तिथेच, रुपयाएवढा पांढरा डाग. पुसून जात नव्हता.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. ग्रुपवर फॉरवर्ड येत राहिले. मी रात्री लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या, प्रयोगशाळेत दात वाढवायच्या कामाविषयी वाचत होते आणि मला त्यातलं काहीच नको होतं. मला फक्त त्या कागदावर एक शब्द नको होता.

तो नव्हता. पेशींमध्ये बिघाड दिसला नाही. मशेरी बंद करा, दर तीन महिन्यांनी दाखवा, एवढंच.

बंद झालेली नाही. तीनदाची एकदा झालीय, आणि तीही आई डबी लपवते म्हणून. ७८ व्या वर्षी कशाला छळता, असं आजी म्हणते. त्यावर भाची तिला स्वतःचे काळे दात दाखवून सांगते, “मी पण चॉकलेट सोडलं ना!” हे अर्धसत्य आहे, पण आजीला ते चालतं.

जपानच्या औषधाची मीही वाट बघतेय. ते यावं, आणि जन्मापासून दात नसलेल्या मुलांना आधी मिळावं. पण तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर फोनला टॉर्च आहेच. घरातल्या मशेरीवाल्या आजीला, गुटखावाल्या काकाला उजेडात बसवा आणि आ करायला सांगा. गालाच्या आत, जिभेखाली, जिभेच्या कडा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसणारा डाग, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यातलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे घेऊन जा. दोन मिनिटं लागतात. शिव्या पडतील, त्या खायच्या.

बाबांची कवळी आली. पहिले चार दिवस त्यांनी ती खिशातच ठेवली.