पलीकडून आवाज येईना

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या सिल्लोडकडे तेव्हा हिरव्या मिरचीचा हंगाम भरात असतो. संध्याकाळी खेड्यांतून माल येतो, रात्री गाड्या भरतात, आणि त्याच गडबडीत शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडायला हवी. अशाच एका व्यापाऱ्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते चालतं संभाजीनगरात, इथून सुमारे 65 किलोमीटरवर, मित्राच्या ऑफिसातल्या मशीनवर. त्या एका मशीनमध्ये केव्हीएमच्या आधाराने चार व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालतात, त्यांतली एक यांची.

रात्री पावणेनऊला फोन आला. "भाऊ, पट्ट्या निघंनात. माणसं खोळंबलीत."

दुपारी मी त्या व्हीएमची बॅकअपची जुनी डिस्क काढली होती. आठ वाजता अपडेटसाठी ती आपोआप रीस्टार्ट झाली आणि उठलीच नाही. घरची लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलचं. मुख्य मशीनवर एसएसएचने पोचलो. यादीत व्हीएम चालू दिसत होती, पण पिंगला उत्तर नाही.

नेटवर्क गेलं तरी आत शिरायला एक वाट उरते, सीरियल कन्सोलची. व्हीएमला दिलेला तो खोटा सीरियल पोर्ट असतो, जुन्या टेलिप्रिंटरसारखा. नुसती अक्षरं जातात नि येतात, त्यामुळे कच्च्या नेटवरही निभतं. व्हीएम हाताळणाऱ्या व्हर्शची कन्सोलची आज्ञा दिली, तेवढ्यात नेट तुटलं. परत आलो तर ती म्हणे एक सत्र आधीच उघडं आहे. माझंच अडकलेलं सत्र होतं ते. फोर्स लावून शिरलो. जोडणी झाल्याची ओळ आली आणि खाली काळा पडदा. एंटर मारत राहिलो. काही नाही.

काकांच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे. रिंग जाऊनही मोटर चालू झाली नाही, तर काका लगेच मोटर जळाली म्हणत नाहीत. आधी लाइट आहे का, मग तिन्ही फेज आहेत का, मग स्टार्टर, असं एकेक तपासत जातात. मीही तसंच धरलं. व्हीएमची एक्सएमएल व्याख्या पाहिली. सीरियल पोर्ट होता, कन्सोल त्यालाच जोडलेला होता. म्हणजे तार शाबूत, पलीकडे बोलणारं कोणी नाही. लिनक्सच्या कर्नलला 'कन्सोल टीटीवाय-एस-शून्य' असं सुरुवातीलाच सांगावं लागतं, नाहीतर तो आपलं सगळं म्हणणं स्क्रीनवरच मांडतो. दोन वर्षांपूर्वी व्हीएम बसवताना मी ते सांगितलंच नव्हतं.

मग त्या स्क्रीनवर काय आहे ते कसं पाहायचं? व्हीएनसी उघडली असती, पण माझ्या नेटवर ती रांगत होती. तेव्हा आठवलं, व्हर्शमध्ये स्क्रीनशॉटची आज्ञा आहे. एकच चित्र काढलं, पीएनजी करून इकडे ओढलं. चित्रात सगळं लिहिलेलं होतं. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये काढलेल्या डिस्कची ओळ तशीच राहिली होती. व्हीएममधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने 90 सेकंद त्या डिस्कची वाट पाहिली आणि व्हीएम इमर्जन्सी मोडमध्ये टाकली. डेबियनमध्ये रूटचं खातं मी कुलूपबंद ठेवलेलं, म्हणून तिथेही शेल मिळेना.

आता व्हीएम सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या मेनूत शिरणं भाग होतं. ग्रब तर सीरियलवर दिसत नव्हता. सेंड-की नावाच्या आज्ञेने व्हीएमला बाहेरून कळ दाबून देता येते. मेनू पाच सेकंदांत निघून जातो आणि माझं नेट तेवढं चपळ नव्हतं, म्हणून मुख्य मशीनवरच छोटी स्क्रिप्ट लिहिली: व्हीएम रीसेट कर आणि दर सेकंदाला वरचा बाण दाब. निवड आधीच सगळ्यात वरच्या ओळीवर असते, म्हणून वरच्या बाणाने ती हलत नाही, फक्त उलटी मोजणी थांबते. ही युक्ती सुचली तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढे 'ई' दाबून, एकेक कळ पाठवून, कर्नलच्या ओळीच्या शेवटी सीरियल कन्सोल, 115200 चा वेग आणि इनिटच्या जागी थेट बॅश असं लिहिलं. कंट्रोल-एक्स. कन्सोल मुकाच! पुन्हा रीसेट, पुन्हा ओळ लिहिली आणि या वेळी सुरू करण्याआधी स्क्रीनशॉट काढून अक्षर न् अक्षर वाचलं. 'एस' लहान लिपीतला पडला होता, तो मोठा हवा. शिफ्टसह पाठवला. काळ्या पडद्यावर कर्नलच्या ओळी धावायला लागल्या आणि खाली येऊन बॅशचा प्रॉम्प्ट थांबला.

त्यानंतरचं काम दोन मिनिटांचं. रूट फाइलसिस्टम लिहिण्याजोगी करून घेतली, डिस्कच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकलं, सिंक केलं, रीसेट. सव्वाअकराला व्यापाऱ्याचा फोन आला, पट्ट्या निघायला लागल्या होत्या. तोवर त्यांच्या मुनीमांनी कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहून माणसं वाटेला लावली होती. त्या नोंदी मी दुसऱ्या दिवशी दुकानात बसून स्वतः भरल्या.

नंतर ग्रबच्या कायमच्या फाइलमध्ये दोन्ही कन्सोल लिहिले, स्क्रीनचा आधी आणि सीरियलचा शेवटी, कारण शेवटी लिहिलेला मुख्य धरला जातो. लॉगिनची ओळ सिस्टमडी त्यावरून आपणच उभी करतो. ग्रबचा मेनूही सीरियलवर आणला. मग उरलेल्या तिन्ही व्हीएमवर कन्सोल उघडून एंटर मारलं. एकीने लॉगिन विचारलं. दोन मुक्या निघाल्या.